सेल्फ फिरतो पण गाडी चालू होत नाही? जुन्या गाडीची तेलाची लाइन टाकीपासून कशी तपासायची

गणपतीच्या चार दिवस आधी आमच्या वाडीत हा प्रकार ठरलेला. चाकरमानी उतरतात, चहा होतो, आणि मग कुणाला तरी मांगरातली (म्हणजे घरामागच्या शेडमधली) जुनी गाडी आठवते, बॅटरी चार्ज करून आणलेली असते, सेल्फ मारला की सेल्फ कसा खणखणीत फिरतो पण इंजिन काही पकडत नाही. मग धक्का मारायला पाच जण, त्यातले दोन फक्त सूचना द्यायला. शेवटी कुणीतरी म्हणतो पंप गेला, आणि एकदा पंप हा शब्द निघाला की खिशाला भोक पडलंच समजा.

हे लिहितोय ते ज्यांनी नुकतीच जुनी गाडी घेतलीय किंवा ज्यांच्या गळ्यात घरची गाडी पडलीय त्यांच्यासाठी. मी मेकॅनिक नाही. मामांची प्युजो इंजिनवाली महिंद्रा एमएम ५४० (२११२ सीसी, डिझेल) आणि आमची कार्बोरेटरवाली ओम्नी, या दोन गाड्या कुडाळच्या आसपास बरीच वर्षं सांभाळतोय, तेवढंच भांडवल. सुरुवातीला मी पण सगळ्यांसारखा आधी इंजिनाकडे धावायचो. आमच्या इथले म्हातारे मेस्त्री एकदा वैतागून म्हणाले, "आधी टाकी बघ रे, मगे पंपाक हात लाव!" तेव्हापासून मी तेल (म्हणजे पेट्रोल किंवा डिझेल) ज्या वाटेने जातं त्याच वाटेने चालत जातो, टाकी, ब्रीदर (टाकीत हवा जायची नळी), नळी, फिल्टर, पंप, आणि सगळ्यात शेवटी डिझेलला नोझल नाहीतर पेट्रोलला कार्बोरेटर. कोकणात तर हे जास्तच खरं कारण इथे पावसाळी दमट हवा, खारा वारा आणि महिनोन्‌महिने उभ्या गाड्या, म्हणजे पाणी आणि गंज, आणि हे दोन्ही टाकीतच सुरू होतात.

सुरू करायच्या आधी दोन-तीन गोष्टी

पेट्रोलचं काम मांगरात किंवा पडवीत करू नका, अंगणात मोकळ्यावर करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा (सेल्फ मारायच्या वेळेलाच लावायची), बाजूला वाळूची बादली ठेवा आणि बिडी ओढणाऱ्या काकांना प्रेमाने लांब बसवा. ओम्नीत तर इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणजे पेट्रोल सांडलं की वास आणि वाफ सगळी गाडीच्या आतच, त्यामुळे सगळे दरवाजे उघडे टाकून ठेवायचे.

नळीला तोंड लावून तेल ओढायची सवय सोडा. सगळे करतात म्हणून मी पण करायचो, पण पेट्रोल किंवा डिझेल थोडंसं जरी श्वासावाटे फुप्फुसात गेलं तर न्यूमोनियासारखं दुखणं होतं. गेलंच पोटात तर उलटी करायला लावायचं नाही, सरळ दवाखाना. हाताने दाबायचा रबरी फुग्याचा सायफन स्वस्तात मिळतो, तो घ्या.

आणि डिझेलवाल्यांनी, इंजिन फिरत असताना नोझलच्या पाइपातून उडणाऱ्या धारेसमोर बोट नेऊ नका. प्रेशर इतकं असतं की तेल कातडीतून आत घुसतं, वरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि आतून हात खराब होतो.

आधी खात्री करा की दोष तेलाचाच आहे

पेट्रोल गाडी असेल तर सात-आठ सेकंद सेल्फ मारा, मग एक प्लग काढून बघा. प्लग ओला आणि पेट्रोलचा वास येतोय म्हणजे तेल पोचतंय, तुमचा दोष करंटचा असायची शक्यता जास्त, हा लेख इथेच सोडा आणि कॉइल, पॉइंट, प्लगच्या वायरी बघा, पावसात तर आधी त्याच बघा. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पुढे वाचा.

डिझेलला ठिणगीचा प्लग नाही, तिथे सायलेन्सर बघायचा. सेल्फ फिरताना धूर अजिबातच नाही म्हणजे सिलिंडरपर्यंत तेल जातच नाहीये. पांढरा धूर भसाभसा येतोय पण पेटत नाही म्हणजे तेल जातंय पण जळत नाही, मग हीटर प्लग तपासा (या प्युजो इंजिनाला हीटर प्लग असतात आणि ते गेले की सकाळी हमखास त्रास), नाहीतर कॉम्प्रेशन किंवा टायमिंगचा विषय.

डिझेलमध्ये अजून एक फुकटची गोष्ट आधी बघायची. डॅशबोर्डवर इंजिन बंद करायचा जो ओढायचा नॉब असतो त्याची केबल खाऱ्या हवेने आतून गंजते, नॉब तुम्ही आत ढकलता पण पंपावरचा लिव्हर पूर्ण मागे जातच नाही, म्हणजे गाडी अर्धवट बंदच असते. बॉनेट उघडा, एकाला नॉब आतबाहेर करायला सांगा आणि लिव्हर डोळ्यांनी बघा. अडकत असेल तर हाताने मागे ढकलून सेल्फ मारा. आमच्या शेजाऱ्यांची जीप दोन दिवस धक्का मारून मारून शेवटी याच कारणाने बंद निघाली होती, दोन दिवस!

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मधे मिनिटभर थांबा. सेल्फ जळला तर मूळ दोष राहील बाजूला.

टाकी

काट्यावर विश्वास ठेवू नका. जुन्या गाडीचा काटा आणि हवामानाचा अंदाज सारखेच. तोंडाची नळी सरळ असेल तर माडाचा एक लांब सुका हीर आत सोडून बघा, किती भिजला ते कळतं (हीर नीट धरा, आत पडला तर नवीन काम). नळी वाकडी असेल तर सरळ पाच लिटर तेल ओता.

आता बाटली. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. टाकीच्या तळाला ड्रेन बोल्ट असेल तर तो हळू ढिला करून, नसेल तर सायफनने तळातलं तेल एका स्वच्छ पारदर्शक बाटलीत अर्धा लिटर तरी घ्या आणि अर्धा तास हलवू नका. डिझेलमध्ये पाणी असेल तर ते खाली बसतं आणि मधे स्पष्ट रेघ दिसते. तळाला लालसर भुकटी दिसली तर टाकी आतून गंजतेय. आणि पाणी आणि डिझेल जिथे मिळतात तिथे काळपट बुळबुळीत शेवाळासारखं काही दिसलं तर ते सूक्ष्मजंतूंचं काम आहे, पाणी राहिलं की त्या सीमेवर ते वाढतात आणि फिल्टर आठवड्यात चोंदवून टाकतात. बंदरावरच्या ट्रॉलरवाल्यांना हा प्रकार चांगला माहीत असतो, त्यांच्यातला कुणी ओळखीचा असेल तर बाटली घेऊन दाखवा, बघूनच सांगेल.

पाणी येतं कुठून? टाकी अर्धी रिकामी असली की उरलेल्या जागेत दमट हवा, रात्री पत्रा गार झाला की त्या हवेतलं पाणी पत्र्यावर जमतं आणि खाली उतरतं, असं रोज थोडंथोडं, जून ते सप्टेंबर. झाकणाचं रबर गेलेलं असेल तर पाऊस सरळ आत. आणि सेकंडहॅण्ड घेताना विचारा गाडी पुरात बुडली होती का, २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या छपरापर्यंत बुडाल्या होत्या, अशा गाडीच्या टाकीत ब्रीदरमधून पाणी आणि गाळ दोन्ही जातात आणि इंजिन धुवून चालू केलं तरी टाकी खाली उतरवून कुणी साफ केलेली नसते.

पेट्रोलचं पाणी वेगळं वागतं. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, ई-२०, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. थोडं पाणी असेपर्यंत ते मिसळून जातं, बाटलीत दिसतही नाही, पण एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल दोघं हातात हात घालून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, आणि पंपाची नळी नेमकी तळातूनच ओढते. बाटलीत दुधाळ दिसलं किंवा खाली वेगळा थर दिसला की ते पेट्रोल फेकायच्याच लायकीचं, वर नवीन ओतून सुधारत नाही. (फेकायचं म्हणजे विहिरीच्या बाजूला किंवा व्हाळात नाही! कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या.) शिवाय ई-२० ला चालेल अशा रबर-प्लास्टिकच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून यायला लागल्या, तुमच्या जुन्या ओम्नीतलं रबर त्यासाठी बनलेलंच नाही, ते फुगतं, मऊ पडतं, आणि टाकीतला जुना चिकट साका इथेनॉलने सुटून पुढे फिल्टरमध्ये जातो. म्हणून जुन्या पेट्रोल गाडीत सुरुवातीला फिल्टर लवकर चोंदला तर घाबरू नका, दोन-तीन बदलावे लागतात.

गंज खूप असेल तर टाकी उतरवावी लागते. आत धुवायला लोक नटबोल्ट किंवा खडी आणि थोडं डिझेल टाकून हलवतात, चालतं, पण नंतर एकूण एक तुकडा मोजून बाहेर काढा. वेल्डिंग मात्र घरी करायचं नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, आत वाफ असते ती फुटते.

ब्रीदर, म्हणजे टाकीचं नाक

टाकीतून तेल जाईल तेवढी हवा आत यायला पाहिजे. ती यायची वाट बंद झाली की टाकीत व्हॅक्यूम होतो आणि पंप कितीही ओढू दे, तेल येत नाही. लक्षण एकदम ओळखू येण्यासारखं आहे, गाडी सकाळी झकास चालू होते, आठ-दहा किलोमीटर धावते, मग पिकअप जातो, बंद पडते, दहा मिनिटं थांबलं की परत चालू, परत तेच. कारण थांबल्यावर हवा हळूहळू कुठूनतरी झिरपून आत जाते.

मामांच्या जीपला हेच झालं फोंडा घाटात. कोल्हापूरला निघालेलो, अर्ध्या घाटात गाडी मेली, कशीबशी वर नेली, तिथल्या एका गॅरेजवाल्याने पाच मिनिटांत निकाल दिला की पंप गेला, उतरवून द्या, दोन दिवस लागतील. आकडा ऐकून मामा गाडीत जाऊन बसले. मी म्हटलं जाऊदे, निदान तेल तरी घालू, आणि टाकीचं झाकण फिरवलं तर असा फुस्स करून आवाज आला की बाजूचा कुत्रा उठून गेला. झाकण तसंच ढिलं ठेवून सेल्फ मारला, गाडी एका झटक्यात चालू, आणि कोल्हापूरपर्यंत कुरकुर नाही. घरी येऊन बघतोय तर ब्रीदरच्या नळीच्या टोकात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, सुंदर गोल, गच्च बसलेलं. पावसाळ्यानंतर उभ्या गाडीच्या प्रत्येक उघड्या नळीत ही बाई घर करते, तेव्हा नळीचं टोक तपासा, बारीक तारेने मोकळं करा आणि टोकाला बारीक जाळी बांधा.

चाचणी म्हणजे तीच, गाडी कुरकुरायला लागली की लगेच झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी सुधारली की दोष सापडला. पेट्रोलमध्ये झाकण उघडं ठेवून गाडी चालवायची नाही, थांबून उघडा, आवाज ऐका, परत लावा.

नळ्या

टाकीपासून पंपापर्यंत मधे पत्र्याची बारीक पाइप आणि दोन्ही टोकांना रबरी नळ्या असतात. पत्र्याची पाइप चॅसिसला जिथे क्लिपने धरलेली असते तिथे तांबडी माती साठते, ती ओली राहते आणि नेमकी त्या क्लिपखाली पाइप सडते. वरून दिसत नाही. क्लिप सोडून फडक्याने पुसून बघा.

आता नवीन लोक इथे फसतात. त्यांना वाटतं गळत नाहीये म्हणजे पाइप चांगली आहे. पण टाकी ते फीडपंप (टाकीतून तेल ओढून पुढे ढकलणारा छोटा पंप) ही बाजू ओढायची बाजू आहे, तिथे भोक असेल तर तेल बाहेर येण्यापेक्षा हवा आत जाते. एक थेंब गळणार नाही आणि तरी गाडी रोज हवा धरेल, म्हणजे लाइनीत हवा शिरून तेल अडेल.

रबरी नळी दाबून बघा, चिरा, मऊपणा, उंदराचे दात. उभ्या गाडीत उंदीर येणारच. काही वेळा बाहेरून नळी नवीकोरी दिसते आणि आतला थर सुटून पडद्यासारखा लोंबतो, हळू चाललं की तेल जातं, अॅक्सिलेटर दाबला की पडदा ओढला जातो आणि वाट बंद. म्हणून जुन्या गाडीच्या सगळ्या रबरी नळ्या एकदाच बदलून टाका, फार खर्च नाही. घेताना पेट्रोल-डिझेलचीच नळी मागा. पोफळीला पाणी लावायच्या पाइपाचा तुकडा लावलेल्या गाड्या मी पाहिल्यात, महिन्याभरात त्याची लापशी होते.

वाट मोकळी आहे का बघायला इंजिनाकडची नळी सोडवा, टाकीचं झाकण उघडा आणि सायकलच्या पंपाने टाकीच्या दिशेने हवा मारा, टाकीत बुडबुड आवाज आला पाहिजे. नळी फीडपंपापासून सोडवूनच मारायची, जोडलेली असताना मारली तर डायफ्राम (पंपातला लवचिक पडदा) फाटेल. हवा मारून गाडी चालू झाली आणि दोन दिवसांनी परत तेच झालं तर टाकीतल्या नळीच्या तोंडाची जाळी कचऱ्याने चोंदतेय, तेव्हा टाकी उतरवणं आलं.

गाडीला सलाइन लावणे

ही चाचणी इतकी उपयोगाची आहे की मला वाटतं सगळ्यात आधी हीच शिकावी. टाकी आणि पूर्ण नळीला बाजूला ठेवून बाहेरून स्वच्छ तेल द्यायचं. डिझेलला पाच लिटरचा कॅन इंजिनापेक्षा उंचावर घट्ट बांधा, त्यातून नळी फीडपंपाच्या तोंडाला, आणि रिटर्नची नळी पण त्याच कॅनमध्ये सोडा नाहीतर तेल परत टाकीत जात राहील आणि तुम्ही कॅन भरत बसाल. हवा काढा (कशी ते पुढे सांगतो), गाडी चालू करा. मस्त चालली तर पंपाला, नोझलला काही झालेलं नाही, दोष मागे आहे, टाकी-ब्रीदर-नळीत. तरीही नाही चालली तर दोष पुढे. एका चाचणीत अर्धी गाडी बाद होते.

पेट्रोलला अर्ध्या लिटरची बाटली पुरे, कार्बोरेटरपेक्षा जरा उंच टांगून नळी थेट कार्बोरेटरला, पंप पण बाजूला. नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला लागणार नाही असं बघा, क्लिप घट्ट लावा, पाच मिनिटं जागेवर चालवून बघा आणि काढून टाका. असं लावून बाजारात जाऊ नका, जाणारे आहेत म्हणून सांगतोय.

फिल्टर

पेट्रोलचा छोटा पारदर्शक फिल्टर, त्याच्यावर बाण असतो, बाण इंजिनाकडे. आत तांबूस कचरा दिसला की बदला, फुंकून साफ करण्यात अर्थ नाही.

जुन्या डिझेलला बरेचदा दोन फिल्टर शेजारी शेजारी असतात, पहिला कापडी आणि दुसरा कागदी. खालचा ड्रेन स्क्रू ढिला करून पहिलं तेल बाटलीत घ्या, पाणी असेल तर इथेच दिसेल. बदलताना गोल रबरी रिंग नवीनच लावा, जुनी रिंग खोबणीत चिकटून राहते, तिच्यावर नवी बसते आणि मग आयुष्यभर हवा. भांडं स्वच्छ डिझेलने भरून मगच लावा, हवा काढायला कमी वेळ लागतो. लोकल फिल्टर घ्यावा का? माझं मत, नको. पंपाच्या दुरुस्तीत असे पन्नास चांगले फिल्टर येतात.

डिझेलची हवा काढणे

फिल्टर बदलला, टाकी कोरडी पडली, नळी सोडवली, की लाइनीत हवा धरते आणि डिझेल इंजिन हवेवर चालत नाही. गॅरेजवाला दहा मिनिटांत करतो ते काम, तुम्हाला पहिल्यांदा तास लागेल, लागू दे.

गाडी सपाटीवर, टाकीत निदान पाव टाकी तेल. फीडपंपावर किंवा फिल्टरच्या डोक्यावर हाताने दाबायचा प्रायमर असतो, त्याचा नॉब काही गाड्यांत फिरवून सोडवावा लागतो. फिल्टरच्या वरचा एअर स्क्रू, बहुतेक दहाच्या नाहीतर बाराच्या पान्याने, दोन आटे ढिला करा, खाली फडकं धरा आणि प्रायमर मारत रहा. आधी काही येणार नाही, मग फुसफुस, मग साबणाच्या फेसासारखं तेल, मग फेस कमी होत होत सलग स्वच्छ धार. धार चालू असतानाच, म्हणजे प्रायमर दाबलेला असतानाच स्क्रू आवळा, हात सोडून आवळलात तर तेवढी हवा परत आत. दोन फिल्टर असतील तर आधी पहिल्याचा, मग दुसऱ्याचा. त्यानंतर मोठ्या पंपावरचा (जो नोझलला प्रेशरने तेल देतो) एअर स्क्रू, तसंच. मग प्रायमरचा नॉब परत नीट बसवा.

पन्नास-साठ वेळा मारूनही प्रायमर हलकाच लागतोय, काही ओढतच नाही असं झालं तर मागे कुठेतरी हवा ओढतेय नाहीतर फीडपंपाच्या आतले वॉल्व्ह गेलेत. लिव्हरवाला फीडपंप असेल तर मात्र इंजिन जरासं फिरवून परत बघा, आतला कॅम नको तिथे थांबलेला असला की लिव्हर फुकटच हलतो.

आता नोझल. चारपैकी दोन नोझलवरचे पाइपांचे नट एक-एक आटा ढिले करा, त्यांच्याभोवती फडकं, तुमचं तोंड लांब. हीटर द्या, कुणालातरी अॅक्सिलेटर पूर्ण दाबून दहा सेकंद सेल्फ मारायला सांगा. नटांतून आधी बुडबुडे आणि मग झटक्याझटक्याने तेल यायला लागलं की सेल्फ थांबवा, नट आवळा, परत सेल्फ. इंजिन आधी दोन-तीन सिलिंडरवर फटफटत उठेल, धूर करेल, मिस मारेल, अॅक्सिलेटर थोडा धरून ठेवा, अर्ध्या मिनिटात सुरात येतं. तो आवाज सुरात येतो ना तेव्हा जे वाटतं ते आरतीनंतर मोदक मिळाल्यासारखं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत हवा धरली असेल तर कुठूनतरी आत जातेय. जिथे जिथे पोकळ बोल्ट आहेत तिथे दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर असतात, ते एकदा दबले की दुसऱ्यांदा नीट बसत नाहीत, सगळे नवीन टाका, काही रुपयांची गोष्ट आहे. नवीन नसतीलच तर जुना वायसर चिमट्यात धरून लाल तापवून पाण्यात बुडवायचा, परत मऊ होतो, पण हे घरात चुलीवर करा, गाडीजवळ नाही. तरीही सापडत नसेल तर टाकी ते फीडपंपच्या मधे वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती लावा आणि इंजिन चालू ठेवून बघत बसा. बुडबुडे वाहताना दिसले की दोष टाकी आणि त्या नळीच्या मधे. नळी एकेक सांधा पुढे सरकवत गेलात की जागा सापडते.

पेट्रोलचा पंप आणि कार्बोरेटर

हे पटकन सांगतो कारण इथपर्यंत आलात तर बरेचदा दोष आधीच सापडलेला असतो. कॉइलची मधली वायर काढून ठेवा म्हणजे ठिणगी नको, कार्बोरेटरची नळी सोडवून बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. पंप ठीक असेल तर जोरदार पिचकाऱ्या येतात. नुसती लाळ गळल्यासारखं आलं तर पंपाचा डायफ्राम गेला. इंजिन ऑइलची काठी काढून वास घ्या, पेट्रोलचा वास आला आणि ऑइल वाढलेलं दिसलं तर डायफ्राममधून पेट्रोल ऑइलमध्ये चाललंय, गाडी अजिबात चालवू नका, पंप आणि ऑइल दोन्ही बदला.

पंप ठीक असेल तर एअर फिल्टर काढून कार्बोरेटरमध्ये वरून बघा आणि इंजिन बंद असताना हाताने थ्रॉटल ओढा. आत बारीक पिचकारी उडाली म्हणजे वाटीत पेट्रोल आहे. नाही उडाली तर फ्लोटची सुई अडकलेली असू शकते, जुनं पेट्रोल सुकून डिंकासारखं चिकटतं, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने कार्बोरेटरवर हलकं टकटक करा, कधीकधी तेवढ्याने सुटते. जेट साफ करताना हवा मारा, तार घालू नका, पितळ आहे, भोक मोठं होतं आणि मग अॅव्हरेज गेलं. आयडलला बंद पडत असेल तर चावी ऑन-ऑफ करून कार्बोरेटरवरचा सोलेनॉइड टिक वाजतो का ऐका.

मे महिन्यात आंबोली किंवा करूळ घाट चढताना गरम होऊन बंद पडली आणि थंड झाल्यावर चालू झाली तर ते नळीत पेट्रोलची वाफ झाल्यामुळे, पंपावर ओलं फडकं टाका, पाणी प्या, वीस मिनिटं थांबा.

पंप-नोझलवाल्याकडे कधी जायचं

सलाइनवर पण चालत नाही, हवा पूर्ण निघालीय, स्टॉप लिव्हर मोकळा आहे, तरी नोझलपर्यंत तेल येत नाही किंवा काळा धूर आणि ठोके थांबत नाहीत, तेव्हा. मोठा पंप घरी उघडू नका, आतलं फिटिंग केसापेक्षा बारीक असतं आणि त्याला वंगण म्हणजे आतून जाणारं डिझेलच, म्हणून तर पाणी गेलं की पंप मरतो. जाताना बाटली घेऊन जा आणि काय काय तपासलं ते सांगा, समोरचा माणूस मग तुम्हाला नवखा समजत नाही, दर पण जरा नीट सांगतो.

मुंबईला परत जाताना गाडी गावात ठेवणार असाल तर डिझेलची टाकी काठोकाठ भरा, हवेला जागाच ठेवू नका, आणि शेजाऱ्याला महिन्यातून दोनदा अर्धा तास चालवायला सांगा. पेट्रोलचं मला स्वतःला दोन्ही बाजूंनी पटतं, भरली तर पेट्रोल जुनं होतं, रिकामी ठेवली तर पत्रा गंजतो. मी दोन महिन्यांपर्यंत भरून ठेवतो, त्याहून जास्त असेल तर थोडंच ठेवतो, टाकीकडून पंपाला येणारी नळी काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवतो आणि आल्यावर ताजं पेट्रोल.

डॅशबोर्डच्या खणात हातभर तेलाची नळी, चार क्लिपा, मूठभर तांब्याचे वायसर, एक फिल्टर, दहा-बारा-सतरा-एकोणीसचे पाने आणि ती पारदर्शक बाटली ठेवा. दुरुस्ती झाली की लगेच घाट चढू नका, आधी कुडाळ-झाराप असं सपाटीला फिरवून आणा, आणि दोन दिवसांनी फिल्टरचा ड्रेन परत एकदा उघडून बाटलीत बघा, टाकीत राहिलेलं पाणी तोपर्यंत खाली आलेलं असतं.